निलगिरीची बाटली

(पाली येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आपल्या वर्गातल्या बहुतेकांना आता जोडाक्षरे वाचता येतात. म्हणून आज आपण पुस्तक मिटून ठेवू. आम्ही इथे टेबलावर चार बाटल्या आणि एक डबी मांडली आहे. आजचा धडा तोच. पहिल्या बाटलीत शेंगदाण्याचे गोडेतेल आहे. दुसरीत निलगिरीचे तेल. तिसरी एवढीशी आहे, तिच्यात लवंगेचे तेल. चौथी गोठ्यातली, टर्पेंटाईनची. आणि डबीत पूजेचा कापूर. यातले काहीच तुम्हाला नवे नाही. पालीत असे घर क्वचितच असेल, की जिथे यांतल्या निदान तीन वस्तू सापडणार नाहीत.

आता जरा इकडे पाहा. या कागदावर आम्ही एक थेंब गोडेतेल टाकतो. शेजारी एक थेंब निलगिरी. दोन्हींचा डाग पडला. कागद खिडकीजवळ वाळत ठेवतो. आपले बोलणे अर्धे होईल तेव्हा तो पुन्हा पाहू.

आपल्या भाषेत या दोन्हींना तेल म्हणतात. सगळी गडबड तिथूनच सुरू होते. तेल म्हटले की आपल्याला काय आठवते? फोडणी आठवते, अंगाला लावायचे खोबरेल आठवते, देवापुढचा दिवा आठवतो. तेल चमच्याने घ्यावे, हातावर ओतावे, पोराच्या टाळूवर थापावे, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हात. तोच हात निलगिरीच्या बाटलीला लागला की घात होतो. कारण ते त्या जातीचे तेल नव्हेच. तो अर्क आहे. तो थेंबाने मोजायचा असतो आणि पोटात तर घ्यायचाच नसतो.

हा अर्क निघतो कसा, तेही सांगतो. म्हणजे त्याची ताकद ध्यानात येईल. भगिनींना हे लवकर कळेल. भात शिजताना झाकणाच्या आतून पाणी साचते ना? वाफ वर जाते, झाकणाला थंड होते आणि तिचे पाणी होते. तसेच मोठ्या हंड्यात पाला भरतात, खालून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर पाल्यातला वास निघून येतो. ती वाफ गार पाण्यातल्या नळीतून नेली की थंड होते, आणि भांड्यात खाली पाणी व वर तेलाचा पातळ थर जमतो. तो थर काढून घेतला की झाले सुवासिक तेल.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा फार जुना. खानदेशात आणि पलीकडे निमाडात डोंगर-उतारावर रोशा नावाचे गवत उगवते. त्याचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. मोतियाच्या तेलाला गुलाबासारखा वास. रानात ओढ्याकाठी भट्ट्या लावून लोक हे तेल काढीत. ते मुंबईच्या बंदरातून जहाजाने जाई, आणि पुढे तुर्कस्तानच्या इस्तंबूल शहरात पोचे. तिथले व्यापारी गुलाबाच्या महाग अत्तरात ते मिसळीत. खानदेशातले गवत गुलाब म्हणून विलायतेत विकले जाई, आणि तिकडे त्याला तुर्की तेल म्हणत! भेसळ ही काही आजची नाही, बरं का.

शंभर किलो हिरवे गवत भट्टीत घातले, तर तेल किती निघते? पाव किलो, फार तर अर्धा किलो. गवती चहाचेही साधारण असेच. म्हणजे बैलगाडीभर गवताचा जीव दोन-चार बाटल्यांत उतरतो. लवंगेची गोष्ट थोडी वेगळी. ती मुळातच तेलकट. शंभर किलो लवंगांतून पंधरा-वीस किलो तेल मिळते. तरी हिशेब करून पाहा. एक लहान चमचा लवंग तेल म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम लवंगा, चांगली मोठी मूठ झाली. चहात दोन लवंगा टाकणारा माणूस मूठभर लवंगा एकदम चावून खाईल का? पण चमचाभर तेल पिताना त्याला तसे वाटत नाही. झाडपाला आहे, याने काय होणार, असे तो म्हणतो.

हे "झाडपाला आहे" आम्ही फार ऐकले आहे. अहो, बिब्बासुद्धा झाडाचाच आहे. टाचेच्या भेगेत बिब्ब्याचे तेल भरताना थेंब भलतीकडे पडला, तर कातडी कशी उतते, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही सांगायला नको. धोतरा झाडाचाच, कण्हेर झाडाचीच. झाडाने आपला अर्क माणसासाठी तयार केलेला नसतो. किडे-मुंग्यांनी पाने खाऊ नयेत म्हणूनही झाड असे तीव्र वास धरते.

निलगिरीचे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. ते ऑस्ट्रेलिया देशातले. इंग्रजांनी जळणासाठी म्हणून १८४३ साली ते दक्षिणेत निलगिरी डोंगरावर लावले, आणि आपण त्याला डोंगराचेच नाव दिले. त्याचे तेल १८५२ सालापासून ऑस्ट्रेलियात धंद्यासाठी निघू लागले. सर्दीला वास घ्यायला ते बरे वाटते, नाक मोकळे झाल्यासारखे होते. आमचे त्याच्याशी वैर नाही. पण लहान मुलाच्या पोटात एक चमचा निलगिरी गेले तर त्याची शुद्ध हरपू शकते. कधी अर्ध्या तासात, कधी दोन-चार तासांनी गुंगी येते, श्वास मंद होतो, झटके येतात. मोठ्या माणसालाही चमच्याने अपाय होतो. एवढ्याशा तीस मिलिलिटरच्या बाटलीत असे सहा चमचे असतात.

कापराचे तर याहून वाईट. वडी पांढरी, खडीसाखरेसारखी. पोर ती प्रसाद समजून तोंडात टाकते. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूर गेला तरी जीव धोक्यात येतो. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेचा चौथा-पाचवा हिस्सा. आणि वेळही देत नाही. पाच मिनिटांत, वीस मिनिटांत झटके सुरू होतात. पूजेचा बहुतेक कापूर आज झाडाचाही नसतो. टर्पेंटाईनपासून तो कारखान्यात बनवतात. तो आरतीसाठी आहे. पोटाच्या दुखण्यासाठी नाही.

अंग दुखते म्हणून चोळायचे एक तेल मिळते, त्याला विंटरग्रीन म्हणतात. बऱ्याच मलमांतही ते असते. वास गोड, पोरांना गोळ्या-चॉकलेटसारखा वाटतो. त्या निव्वळ तेलाचा एक चमचा म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या एकदम गिळण्यासारखे आहे. याहून जास्त त्याविषयी बोलत नाही.

आम्ही नोकरीत असतानाची एक हकीकत सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस. लावणी चालू होती. वाडीत तीन दिवस वीज नव्हती. तीन वर्षांचा पोरगा रात्रभर खोकत होता. सून दिवसभर चिखलात राबून मेल्यासारखी झोपली होती. आजीने तिला उठवले नाही. कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची बाटली होती, तिच्याच शेजारी निलगिरीची. दोन्ही तपकिरी, दोन्हींना पांढरे झाकण. चिमणीच्या उजेडात आजीने चमचा भरला आणि नातवाला पाजला. पोर ओरडले, "आजी, जळतंय!" आजीला वाटले, औषध तिखटच असते. थोड्या वेळाने पोर शांत झाले. आजीला बरे वाटले, की चला, खोकला थांबला आणि डोळा लागला.

तो डोळा लागलेला नव्हता. पोराचा चुलता पाणी प्यायला उठला, त्याला वास आला. त्याने दिवा धरून पाहिले तर पोर हाका मारूनही उठेना. मग घरात एकच धावपळ. कुणी म्हणाले दूध पाजा, कुणी म्हणाले मिठाचे पाणी पाजून ओकवा. दोन्ही केले. पोराला उलटी झाली, ठसका लागला, ओठ काळेनिळे पडले. पहाटे जीप मिळाली. पोर वाचले, पण आठ-दहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितले, तेलाच्या गुंगीतून ते दुसऱ्या दिवशीच बाहेर आले होते. बाकीचे दिवस छातीमुळे लागले. उलटीबरोबर ते तेल फुफ्फुसात गेले होते.

कुणी म्हणेल, आजीची चूक. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या बाटलीवर काय लिहिले होते? मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिले होते, की हे पिऊ नये. आजीला मराठीही वाचता येत नव्हते. जी सूचना घरातल्या एकाही माणसाला वाचता येत नाही, ती छापली काय आणि न छापली काय!

आता ते दूध आणि मिठाचे पाणी का चुकले, ते समजून घेऊ. तुम्हाला जनावरांचा अनुभव आहे. बैलाचे पोट फुगले की आपण गोडेतेलात थोडे टर्पेंटाईन मिसळून बांबूच्या नळकांड्याने पाजतो. पाजताना जाणता माणूस काय बजावतो? मान फार ताणू नका, जीभ ओढून धरू नका, खोकले तर लगेच सोडा. कारण औषध अन्ननळीऐवजी श्वासनळीत गेले, तर पोटफुगीने न मरणारा बैल चार दिवसांनी छातीच्या दुखण्याने मरतो. माणसाचेही तेच. हे अर्क पाण्यासारखे पातळ असतात. पोटात आहेत तोवर एक संकट. ओकताना घशात आले आणि फुफ्फुसात उतरले की दोन संकटे. त्यातून पोर गुंगीत असेल तर त्याला नीट खोकताही येत नाही. रॉकेल प्यालेल्या पोराला ओकवू नये म्हणतात, तेही याचसाठी. आणि दूध? दुधात स्निग्धांश असतो. कापूर आणि हे अर्क त्यात चांगले विरघळतात, त्यामुळे ते अंगात लवकर भिनण्याची भीती असते. तूपही नको, एरंडेलही नको.

मग करायचे काय? तोंडात काही उरले असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावे. पोर शुद्धीवर असेल तर पाण्याने चूळ भरायला लावावी. गुंगी असेल किंवा झटके येत असतील तर एका कुशीवर निजवावे, म्हणजे आपोआप उलटी झाली तरी ती बाहेर पडेल. झटके येताना तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नये. कांदा नको, चप्पल हुंगवणे नको. बाटली बरोबर घ्यावी, ती रिकामी असली तरी. किती वाजता प्याले आणि अंदाजे किती, हे डॉक्टरला सांगावे. आणि निघावे. पोर हसतखेळत दिसते म्हणून सकाळची वाट पाहू नये. निलगिरीला किंवा कापराला उतारा म्हणून वेगळे औषध नाही. डॉक्टर श्वास सांभाळतो, झटके थांबवतो, काही तास नजरेखाली ठेवतो. ते घरी होत नाही, भगताकडेही होत नाही.

१०८ हा आकडा सगळ्यांना पाठ आहे का? महाराष्ट्रात २०१४ सालापासून या क्रमांकावर सरकारी रुग्णवाहिका फुकट मिळते. पण आपला रस्ता डोंगराचा, पावसाचे दिवस असले तर गाडीला वेळ लागतो. तेव्हा फोन लावावा आणि गावातली गाडी मिळत असेल तर तीही पाहावी. वेल्ह्याच्या बाजूने निघालो आहोत, असे रुग्णवाहिकेला कळवावे. दुसरा एक फोन लिहून घ्या. दिल्लीच्या एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारे केंद्र आहे. त्याचा क्रमांक १८०० ११६ ११७. याला पैसे पडत नाहीत. तिथले जाणकार, काय पोटात गेले ते ऐकून पुढे काय करावे ते सांगतात. डॉक्टरलाही हा क्रमांक उपयोगी पडतो. पण फोन करत घरी बसू नये. गाडीत बसून करावा.

कागद आणा पाहू. पाहिलेत? गोडेतेलाचा डाग आहे तसाच आहे. निलगिरीचा डाग उडून चालला आहे, जरा वेळाने शोधूनही सापडणार नाही. डबीतला कापूर झिजतो, तोही असाच उडतो. म्हणून यांना उडती तेले म्हणतात. बाजारातून आणलेल्या निलगिरीचा कागदावर तेलकट डाग राहिला, तर त्यात साधे तेल मिसळले आहे असे समजा. आणि डाग राहिला नाही म्हणजे तेल शुद्धच, असेही समजू नका. टर्पेंटाईनही असेच उडून जाते.

जे उडते ते पेटतेही. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळली की चर्र करून ठिणग्या उडतात, हा खेळ सगळ्यांनी खेळला आहे. सालीतून उडणारे ते तुषार म्हणजे संत्र्याचे उडते तेलच. तेव्हा चुलीवर किंवा गॅसवर पाणी उकळत असताना त्यात निलगिरी ओतू नये. भांडे खाली उतरावे, विस्तवापासून दूर ठेवावे, मगच थेंब टाकावे.

आता वापराचे बोलू. सर्दीला मोठ्या माणसाने वाफ घ्यायची तर भांड्याला दोन-तीन थेंब पुरेत. डोळे मिटून घ्यावेत, नाहीतर ते चुरचुरतात. भांडे मांडीवर किंवा खाटेवर घेऊ नये. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या भीतीने घरोघर वाफारे सुरू झाले होते. वाफेने करोना जात नाही. पण भांडे कलंडून मांड्या मात्र भाजतात. लहान मुलांना पांघरुणाखाली कोंडून वाफ देऊच नये. आणि खरे सांगायचे तर साध्या पाण्याच्या वाफेनेही तेवढेच बरे वाटते.

छातीला किंवा पाठीला चोळायचे तर निव्वळ तेल चोळू नये. दोन लहान चमचे खोबरेलात दोन-तीन थेंब, एवढेच मिसळावे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे. पुरळ उठले, आग झाली, तर ते आपल्याला मानवत नाही. जखमेवर, खरजेवर, भाजलेल्या जागी लावू नये. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला निलगिरी, कापूर, पुदिन्याचे फूल किंवा डोक्याचा बाम, काही लावू नये. नाकपुडीजवळ तर मुळीच नाही. त्या उग्र वासाने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. बाळाचे नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब दवाखान्यात मिळतात, ते घालावेत. इथे आज्या विचारतील, की मग ओव्याची पुरचुंडी? पुरचुंडीच्या शेकाला आमची हरकत नाही. तव्यावरून काढल्यावर आधी आपल्या गालाला लावून पाहा म्हणजे झाले. पण तोच ओवा निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देणे सोडा. धूर तो धूर, त्याने कोवळी छाती बिघडते.

ओव्यावरून आठवले. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल, हे तीन कोरडे खडे एका बाटलीत सारखे-सारखे घालून हलवले तर पाणी न घालता त्यांचे पाणी होते. पुष्कळ घरांत हे औषध करून ठेवतात, कुणी त्याला अमृतधारा म्हणतात. पाहायला मोठी मौज वाटते. पण त्यात एक-तृतीयांश कापूर असतो, हे विसरू नये. नाव अमृताचे आहे म्हणून पोटदुखीला चमचा-चमचा घेणारी माणसे आम्हाला ठाऊक आहेत. घरी केलेली ही बाटली पोरांच्या पोटासाठी नाही.

दाढ दुखली तर लवंगेचे तेल खरोखर गुण देते. दातांचे डॉक्टरही त्यातला मुख्य अंश दातात भरायच्या औषधात वापरतात. कापसाच्या बोळ्याला एक थेंब लावावा, बोळा किडक्या दातावरच टेकवावा, हिरडीला लागू देऊ नये, तोंडात येणारी लाळ थुंकून टाकावी. दिवसात दोनदा, फार झाले तर. हिरडीवर ते रोज चोपडले तर हिरडी भाजते. आणि दात काही त्याने बरा होत नाही, ठणका तेवढा थांबतो. कीड आत चालूच असते. तेव्हा डॉक्टरला दात दाखवावाच. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीला हे तेल लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लवंग तेल बाळाच्या पोटात गेले तर ते लिव्हरवर जाते. आपल्याजवळ अख्खी लवंग असताना मोठ्या माणसालाही तेलाची गरज क्वचितच पडावी. दाढेखाली धरली की काम होते, आणि ती किती घेतली हे डोळ्यांना दिसते.

डासांसाठी गवती चहाच्या जातीचे तेल अंगाला लावतात. ते खोबरेलात मिसळूनच लावावे. त्याचा वास तास-दोन तासांत उडतो आणि डास परत येतात. रात्रभराचे काम मच्छरदाणीच करते. लिंबाचा रस किंवा सालीचे तेल अंगाला लावून उन्हात भातखाचरात उतरू नये. ऊन लागले की कातडी लाल होते आणि पुढे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय यातले काही वापरू नये. फेफरे येणाऱ्या माणसाने निलगिरी आणि कापूर यांच्या उग्र वासापासूनही दूर राहावे. दमेकऱ्याला हा वास कधी बाधतो. अलीकडे पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरे सुवासिक तेलांच्या छोट्या-छोट्या बाटल्या घरी आणतात. फोनवर कुणी सांगते, रोज दोन थेंब पाण्यात टाकून प्या. तेल आणि पाणी मिसळते का, हे तुम्हीच सांगा. ते थेंब पाण्यावर तरंगतात आणि तसेच्या तसे घशाला लागतात. फोनवर सांगणारा माणूस आपल्या पोराला घेऊन वेल्ह्याला येणार नाही.

तेल डोळ्यात उडाले तर लगेच स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटे सोडावी. पंधरा मिनिटे म्हणजे खरोखर पंधरा, घड्याळ लावून. मग दवाखाना. कातडीवर सांडले तर साबण लावून धुवावे आणि भिजलेला कपडा काढून टाकावा.

आता आपल्या आजच्या अभ्यासाकडे वळू. प्रत्येकाने घरी जाऊन कोनाडे, फडताळे, देव्हारा आणि गोठा पाहायचा. ज्या बाटलीतले तेल थेंबाने वापरायचे आहे ती बाजूला काढायची. बाटलीवर इंग्रजीत "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, हे अंगाला लावायचे आहे, पोटात घ्यायचे नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी दुकानदाराकडून वाचून घ्यावे. मग वहीचा कागद फाडून बोटभर पट्टी करायची, आणि ठळक अक्षरांत लिहायचे: "निलगिरी. पिऊ नये." खळीने ती पट्टी बाटलीला चिकटवायची. टर्पेंटाईनवर लिहायचे: "गोठ्याचे. पिऊ नये." "पिऊ" मधला उकार दीर्घ, "नये" वेगळे. गेल्या आठवड्यात याच शब्दाला पुष्कळांनी पेन्सिल अडवली होती, म्हणून मुद्दाम सांगतो. पट्टी दिव्याच्या उजेडात हातभर अंतरावरून वाचता आली पाहिजे. नाही आली तर पुन्हा मोठी लिहायची. घरात ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्यासाठी बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा, आणि लाल दोरा म्हणजे काय, हे घरातल्या लहान-थोर सगळ्यांना सांगून ठेवायचे.

ही तेले पिण्याच्या औषधांशेजारी ठेवायची नाहीत, वेगळ्या फळीवर, तीही कुलूप लागणाऱ्या पेटीत असेल तर उत्तम. कापराची डबी देव्हाऱ्यात खाली असते, ती उचलून वर ठेवा. देव रागावणार नाही. सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टर्पेंटाईन, रॉकेल, फवारणीचे औषध काही भरून ठेवू नका. ज्या बाटलीला आतून थेंब-थेंब सोडणारी बारीक तोटी असते ती बाटली पसंत करा, कारण ती उलटी धरली तरी एकदम चमचाभर पडत नाही. ती तोटी सुरीने उपसून फेकू नका.

मघाशी मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हळूच विचारले, की जुने तेल फेकायचे कुठे? चांगला प्रश्न आहे. बाटली तीन-चार वर्षांची झाली, वास बदलला, तेल चिकट झाले, की ते अंगाला लावू नये. जुन्या तेलाने कातडी जास्त आगाग करते. ओढ्यात ओतू नका, खालच्या वाडीची गुरे तिथेच पाणी पितात. चुलीत तर मुळीच ओतू नका, भडका उडेल. उघड्यावर सुक्या मातीत किंवा राखेत ते जिरवा, पोरे आणि कोंबड्या जाणार नाहीत अशा जागी ती राख पुरून टाका, आणि मोकळी बाटली साबणाने धुतली तरी घरात कशालाही वापरू नका. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपली एक पट्टी लिहून वर्गात आणावी. आम्ही तपासू.